दोन किलोमीटरचा ड्रायव्हर

हिंगणी ते कारंजा हे अंतर जीपने दोन-अडीच तासांचं. मला तीन दिवस लागले, आणि त्यात एसटीचा फारसा दोष नाही. दोष कोणाचा ते पुढे येईलच. ज्यांच्या दारात स्वतःची गाडी उभी असते आणि मनात आलं की जे किल्ली फिरवून निघतात, त्यांनी असा प्रवास कधी केलेला नसतो. त्यांच्यासाठीच हे लिहितो आहे. बाकीच्यांना सगळं ठाऊक आहे.

आधी सामान सांगतो. एक जादा पॅन्ट, ती पिशवीत सगळ्यात वर. एक टॉवेल. आणि खर्र्याची पन्नी. आमच्याकडे सुपारी-तंबाखू घोटून केलेला खर्रा जो तो खातो आणि पन्नीत बांधून खिशात ठेवतो. माझ्या पन्नीत खर्रा नसतो, गोळ्या असतात. ही माझ्या वडिलांची युक्ती. माणूस खर्रा खातो म्हटलं तर इज्जत जात नाही, गोळी खातो म्हटलं की घरातल्या सगळ्यांच्या सोयरिकी अडतात.

मी भास्कर. बोर धरणाच्या पाण्यावर आमची भाजीची शेती आहे. वांगी, टमाटे, सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर. शहाण्णव सालापर्यंत घरची जीप मीच चालवायचो. सकाळी भाजी न्यायची, जाता-येता सवाऱ्या घ्यायच्या. एक दिवस आर्वीच्या बाजाराला जाताना खरांगण्याच्या पुढे मला स्टेअरिंगवर फिट आली आणि जीप रस्ता सोडून पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात घुसली. मागे भाजीच्या बोऱ्यांवर माणसं बसलेली होती. मेलं कोणी नाही. एका म्हातारीचं मनगट मोडलं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाडी चालवायची नाही, विहिरीत पोहायचं नाही, मोठ्या रस्त्यावर सायकलसुद्धा नको. मी विचारलं, मग जायचं कसं? ते म्हणाले, मागे बसून. तेव्हापासून जीप माझा धाकटा भाऊ विजू चालवतो आणि मी एसटीने फिरतो.

घरात मिरगी हा शब्द कोणी उच्चारत नाही. घरात 'चक्कर' म्हणतात. भास्करला चक्कर येते.

दोन हजार एक-दोनच्या सुमाराला, पळस फुलायच्या दिवसांत, माझी बहीण सुमन हिची सोयरीक कारंज्याजवळच्या एका गावात जमत आली. संत्र्याचा बगीचा, एकुलता एक मुलगा, नाव अरुण. आमच्या माणसांनी घर पाहायला जायचं ठरलं आणि तेवढ्यात बाबांनी घोळ घालून ठेवला. जेवायला बसल्यावर त्यांनी तो मला सांगितला.

"तिकडच्यायले कोनीतरी सांगतलं, पोरीच्या मोठ्या भावाले मिरगी आहे म्हनून. मध्यस्थानं मले इचारलं. म्या म्हनलं, लेका, तो तं जीप चालवते. मिरगीवाला जीप चालवते काय?"

"अन् मंग?"

"मंग काय. तो म्हने, त्यायलेच गाडी घेऊन येऊ द्या, पाहनाऱ्यायच्या मनातली शंका जाईन. आता तोंडातून गेलं तं गेलं. पुरा रस्ता विजू चालवते. कारंज्याच्या ढाब्यापासून दोन किलोमीटर फक्त तू बसजो."

मी म्हटलं, मग मी जीपमध्ये तुमच्यासोबतच येतो. त्यावर बाबांनी भाताचे दोन घास मोजल्यासारखे खाल्ले. मग म्हणाले, "जीपमधी मध्यस्थ राह्यते ना बापा. रस्त्यात तुले काही झालं तं? तू आधीच एसटीनं आर्वीले जाय, आत्याकडं आराम कर, अन् ताजातवाना होऊन ढाब्यावर येजो."

म्हणजे ड्रायव्हर म्हणून ज्याला दाखवायचं, त्याला सवारी म्हणून जीपमध्ये बसवायची यांना भीती. मी हे बोलून दाखवलं. सुमन चुलीपाशी पोळ्या करत होती, तिने मान वर केली नाही. तिच्या तोंडाकडे पाहून मी हो म्हटलं.

पहिला दिवस: हिंगणी ते आर्वी, मध्ये आंजी

एसटीत कुठं बसायचं याचं माझं एक शास्त्र आहे. दाराजवळ नाही, पडलो तर सरळ रस्त्यावर. खिडकीजवळ नाही, तिथल्या दांड्यावर माझं कपाळ दोनदा फुटलं आहे. मधल्या बाकावर, दोन जाड माणसांच्या मध्ये. वर्ध्याहून आर्वीच्या गाडीत मला अशी जागा मिळाली. डावीकडे सोयाबीनच्या गोष्टी करणारा एक शेतकरी होता, उजवीकडे पांढऱ्या सफारीतले एक सेठ. वर्धा सोडल्यावर बाहेर उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग आणि मध्येच एखादा लालभडक पळस. आदल्या रात्री मी डोळ्याला डोळा लावला नव्हता. झोप नसली की मला येते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पुढचं मला आठवत नाही. जागा झालो तेव्हा आंजीच्या स्टॉपवर सिमेंटच्या बाकावर आडवा होतो, जीभ चावलेली, पॅन्ट ओली, पिशवी उशाला. गाडी निघून गेली होती. चहावाल्याने सांगितलं, "कंडक्टरनं उतरून देल्लं तुमाले. शुद्धीवर आला की मागच्या गाडीत बसवून देजो म्हने." वर तो म्हणाला की कंडक्टर बिचारा फार चांगला माणूस होता.

प्रवास करून आलेली माणसं तिकडच्या चालीरीती लिहितात. माझा अभ्यास एकाच विषयाचा आहे: फिट आली की कुठं काय करतात. आमच्या हिंगणीकडे कांदा फोडून नाकाशी धरतात. वर्ध्यात चामड्याची चप्पल हुंगवतात आणि ती कोणाची आहे याचा विधिनिषेध नसतो. आर्वीच्या रस्त्याला लोखंड चालतं. लोखंड मुठीत दिलं की मिरगी उतरते म्हणतात. ती दोन-तीन मिनिटांनी आपोआप उतरतच असते, पण श्रेय कांद्याला, चपलेला, लोखंडाला. कुशीवर वळवून शांत बसून राहा, एवढं साधं कोणाला सुचत नाही, कारण त्यात काही केल्यासारखं वाटत नाही.

माझ्या मुठीत पाच किल्ल्यांचा जुडगा होता.

"ह्या तुमच्याच ना जी?" चहावाल्याने विचारलं. माझ्या नव्हत्या. कोणीतरी गाडीत माझ्या मुठीत कोंबल्या, मूठ काही सुटली नाही, आणि मला किल्ल्यांसकट उतरवून गाडी पुढे गेली. मी स्टॉपच्या मागे जाऊन पॅन्ट बदलली, दोन ग्लास चहा घेतला आणि दोन तासांनी मागची गाडी धरली.

आर्वीच्या स्टँडवर पांढऱ्या सफारीतले सेठ येरझारा घालत होते.

"काय जी, दोन घंटे झाले, दुकान बंद आहे माहं. गिऱ्हाईक वापस चाललं."

"म्या मांगतल्या नव्हत्या किल्ल्या."

"अहो पन त्याच किल्लीनं तं उतरली ना तुमची मिरगी," ते म्हणाले, आणि मी आभार मानीन म्हणून थांबले. मी किल्ल्या पुढे केल्या. त्यांनी दोन बोटांनी उचलल्या, पाणपोईपाशी नेऊन नळाखाली चांगल्या चोळून धुतल्या, रुमालात गुंडाळल्या आणि मग खिशात टाकल्या. माणूस वाईट नव्हता. माझ्या मुठीत पहिला हात त्यानेच घातला होता, हेही खरं.

दुसरा दिवस: आर्वी

आत्याला मी कालचं सांगितलं नव्हतं, त्यामुळे आराम कर म्हणून ती मागे लागली नाही. मीच सकाळी बाहेर पडलो. आर्वीचे तर्रीपोहे आमच्या तालुक्याच्या सेलूपेक्षा उजवे. पोह्यांवर चण्याची तर्री अशी ओततात की पोहे दिसत नाहीत. मला चावलेल्या जिभेने ते खाता येईनात. तरी सगळे संपवले, कारण समोर टाकून उठलो असतो तर ठेलेवाल्याने विचारलं असतं.

आर्वीला मला आरामापेक्षा दुसरं काम होतं. जनाबाईला भेटायचं होतं. मनगट मोडलं होतं ती म्हातारी. पाच वर्षांत मी तिच्या गल्लीच्या बाजूने गेलो नव्हतो, आर्वीला आलो की लांबून वळसा घालायचो. पण उद्या जीपवर बसायचं म्हटल्यावर मला तिचं मनगट पाहायचं होतं. का ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

भाजीबाजारात ती पोत्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. सुतळीचं एक टोक दातात, एक उजव्या हातात. डावा हात मांडीवर पडलेला, मनगटापाशी वाकडा. तिने मला लगेच ओळखलं.

"भास्कर ना तू? जीपवाला?"

"होय मावशी."

"बस. चालवतं काय अजून?"

"नाई," मी म्हटलं. त्या दिवशी ते खरंच होतं.

तिने मला मेथीतल्या काड्या निवडायला दिल्या. तिच्या हाताबद्दल मी विचारलं तर म्हणाली, थंडीत दुखते, नाही तं आहे आपला. मग बराच वेळ गिऱ्हाईक आलं-गेलं. मी म्हटलं, मावशी, मला त्या दिवशी काही कळलंच नाही, अचानक झालं.

तिने दातातलं सुतळीचं टोक काढलं. "तुले अचानक झालं. तुया घरच्यायले मालूम होतं. तुयी माय मले दवाखान्यात बोलून गेली, त्याले आधीपासूनच चक्कर येते म्हने. मालूम असून माणसं भरून काऊन धाडलं त्यायनं तुले?"

मी काड्या निवडत राहिलो. त्याआधी मला घरी दोनदा आली होती. एकदा अंगणात, एकदा वांग्याच्या वाफ्यात. बाबा म्हणाले होते, उन्हाची चक्कर आहे. आई म्हणाली होती, चक्करच आहे. मीही म्हटलं, चक्कर.

"मलेही मालूम होतं, मावशी."

हे मी त्याआधी कोणाला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनासुद्धा नाही. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मंग आज काऊन आलता?" मला सोयरिकीचं, दोन किलोमीटरचं सगळं सांगायचं होतं. मी म्हटलं, सहज. निघताना तिने मला मेथीची जुडी दिली आणि मी ती आत्याला नेऊन दिली.

तिसरा दिवस: कारंजा

आर्वीहून तळेगाव, तिथं गाडी बदलून नागपूर-अमरावतीचा मोठा रस्ता. ट्रकमागून ट्रक. कारंजा जवळ आलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याची बनं लागतात. आमची भाजीची शेती ठेंगणी, सतत वाकून करायची. इथली माणसं ताठ उभं राहून शेती करतात, म्हणून त्यांच्या बोलण्यातही थोडा ताठा आहे असं मला उगाच वाटलं.

ढाब्यावर जीप आली. बाबा, मामा, काका, दोघे शेजारी आणि पुढे मध्यस्थ. बाबांनी त्याला सांगून ठेवलं होतं की भास्कर मालाच्या कामाने आर्वीला होता, आता इथून तोच गाडी घेईल. विजू उतरला. त्याने मला बाजूला घेतलं. "बस भाऊ. दुसऱ्या गिअरच्या वर टाकू नको. म्या ब्रेक चेक केले." आणि किल्ली माझ्या हातात दिली, मूठ मिटवून दिली. तीन दिवसांत दुसऱ्यांदा कोणीतरी माझ्या मुठीत किल्ली कोंबत होतं.

कोणाला मला शिव्या द्यायच्या असतील तर इथं द्याव्यात. मी चालवली. दोन दिवसांपूर्वी मला फिट आली होती, जीपमध्ये सात माणसं होती, गावात शिरताना शाळा सुटलेली होती आणि एक बाई डोक्यावर घमेलं घेऊन रस्त्याच्या कडेने चालली होती. मी जीप तिच्यापासून एवढी लांबून काढली की उजवं चाक नालीपर्यंत गेलं. काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून ते बरोबर ठरत नाही. मध्यस्थ म्हणाला, "लई सांभाळून चालवता जी." मागून बाबा म्हणाले, "पहिल्यापासूनच." आणि खरं सांगायचं तर त्या दोन किलोमीटरांत माझे हात इतके खूश होते की मला गाणं म्हणावंसं वाटलं. मला सगळ्यात जास्त लाज त्याची वाटते.

गावाच्या तोंडाशी नवरा मुलगा मोटरसायकल घेऊन सामोरा आला होता. अरुण, पंचविशीचा, देखणा. मागे त्याचा काका बसलेला. म्हातारी माणसं मोटरसायकलवर मागचा दांडा धरून बसतात. या काकांनी दोन्ही हातांनी पुतण्याच्या कमरेला मिठी घातली होती. मला ते थोडं विचित्र वाटलं.

जेवायला पाटोडीचा रस्सा होता. आमच्याकडच्यापेक्षा तिखट, वर तेलाचा तवंग. मामांच्या नाकातून पाणी आलं, सगळे हसले, अरुणही हसला. हसताना त्याने हात तोंडावर नेला, पण उशीर झाला होता. त्याच्या हिरड्या मला दिसल्या. फुगलेल्या, दातांवर अर्ध्यापर्यंत उतरलेल्या. मिरगीची ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की हिरड्या अशा होतात. मी स्वतः मिशा वाढवल्या आहेत त्या त्यासाठीच.

माझा घास हातात राहिला. आम्ही इकडून एक मिरगीवाला ड्रायव्हर करून आणला होता आणि त्यांनी तिकडून एक सामोरा धाडला होता.

परतीला बाबांनी मला जीपमध्ये घेतलं नाही. त्याला आर्वीला काम आहे म्हणाले. अरुणची आई लगेच म्हणाली, "मंग आमचा अरुण सोडून देते ना स्टँडवर, गाडीनं." काका उठून मागे बसायला निघाले, पण मी बसल्यावर तिघांना जागा नव्हती. त्यांचं तोंड उतरलं. मी मागे बसलो आणि नकळत माझेही हात त्याच्या कमरेला गेले.

गाव दिसेनासं झाल्यावर, बगीच्याच्या वळणावर, मी म्हटलं, "थांबव."

त्याने थांबवली.

"कोनती गोळी घेतं?"

त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मिशी वर करून हिरड्या दाखवल्या. त्याने गाडी बंद केली.

"शेवटची कधी आलती?" मी विचारलं.

"दिवाळीत. तुमाले?"

"परवा."

त्याने डोक्याला हात लावला. "परवा आली, अन् आज तुम्ही जीप घेऊन आले?"

"अन् तू मले मोटरसायकलवर बसवलं."

मग आम्ही दोघं हसलो, तोंडावर हात न ठेवता. तेवढंच या प्रवासातलं सुख. हसून झाल्यावर कोणी न सांगता आम्ही दोघं उतरलो आणि मोटरसायकल ढकलत निघालो. एका बाजूने तो, एका बाजूने मी. दुपारचं ऊन, बाजूने ट्रक, आणि चांगली चालती गाडी ढकलत नेणारी दोन धडधाकट माणसं. एक ट्रकवाला थांबून पेट्रोल संपलं का म्हणून विचारून गेला. आम्ही हो म्हटलं.

स्टँड दिसू लागल्यावर अरुण म्हणाला, "भाऊ, तुमी सांगान काय घरी?"

"सुमनले सांगीन. तिले मालूम पाह्यजे."

"सांगजा. मलेच सांगाचं होतं, पन माय म्हने, लग्न झाल्यावर सांग."

घरी

सुमनला मी वाफ्यात गाठून सांगितलं. पाच वर्षं माझं डोकं मांडीवर घेऊन मला कुशीवर वळवणारी घरात ती एकटीच. तिने सगळं ऐकून घेतलं.

"गोळ्या घेते काय टायमावर?"

"घेते म्हनते."

"मोटरसायकल चालवते काय?"

"ढकलते," मी म्हटलं. ती हसली. मग म्हणाली, "बाबाले मीच सांगतो. लपवालपवी करून नाई जाचं मले."

माझी चूक ही की मी तिला थांबवलं नाही. मला वाटलं, या घरात पाच वर्षं हे दुखणं राहतं आहे, आतापर्यंत काही शिकले असतील. सोयरीक मोडली. मध्यस्थाने कारण विचारलं आणि बाबांनी ते स्पष्ट शब्दांत सांगितलं. ज्या गावात कोणाला ठाऊक नव्हतं तिथं अरुणचं नाव झालं, आणि ते माझ्या तोंडातून निघालेल्या गोष्टीने झालं. सुमन पुढे दुसरीकडे दिली. ती त्यावर कधी बोलली नाही, माझ्याशी सुद्धा नाही.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. ओसरीवर आम्ही सगळे सांभाराच्या जुड्या बांधत होतो. सुमनने बाबांना सांगितलं, मुलाला काय आहे ते मला माहीत आहे आणि मला चालतं. बाबांच्या हातातली जुडी सुटली.

"मिरगीवाल्याले कोनी पोरगी देते काय?"

मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. माझं वय तेव्हा चौतीस, आणि मला कोणी दिली नव्हती. विजूने मान खाली घातली. सुमन माझ्याकडे पाहत होती. मग बाबांच्याही ध्यानात आलं. त्यांनी सुटलेला सांभार गोळा केला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, "तू मनावर नको घेऊ बापा. तुयी गोष्ट अलग आहे. तुले तं चक्कर येते."